गॅसच्या ग्रिल-शेगडीचे चित्रविचित्र आवाज : तुमचे अनुभव

तिरफळ
काल हर्णैला भाच्याच्या होमस्टेवर पापलेट भाजायला गॅसचा ग्रिल काढला. पावसाळाभर पडवीत झाकून होता. पेटवला तर मागून घरघर, ज्योत पिवळी. पोरं लांब पळाली, मला मात्र काकांचा चहाचा स्टॉल आठवला. त्यांची भट्टी अशी घुरघुरली की काका न बघताच म्हणायचे, "कोळी बसला." आणि बर्नरच्या नळीत जाळं निघायचंच! वाट अडली की गॅस मागेच, हवेच्या भोकापाशी पेटतो. काल पण तेच निघालं. तुमच्याकडचे आवाज येऊ द्यात.

खाडीकाठ
आमच्याकडे कोळी नाही, कुंभारीण माशी. मातीचं घर थेट जेटच्या (गॅस बाहेर पडतो ते बारीक भोक) तोंडाशी. नुसती फुसफुस, ज्योत नाहीच.

आंबोळी
बंद करताना फट्ट होतं त्याचं काय? सासूबाई दचकतात आणि माझ्याकडे बघतात 😀

वायसर
आंबोळीताई, बंद करताना एखादा फट्ट चालतो. गॅसचा जोर उतरला की ज्योत नळीत मागे शिरते आणि उरलासुरला गॅस जळतो. चालू असताना सारखं होत असेल तर बर्नर साफ करा. आमच्या खानावळीत 19 किलोचे सिलिंडर, दिवसभर हेच ऐकतो. रेग्युलेटर गुणगुणला तर आतला रबरी पडदा थरथरत असतो. बंद करून सावकाश परत उघडा, बहुतेकदा थांबते. नाहीच थांबली तर बदलून घ्या, घरी उघडत बसू नका.

मीठमिरची
पापलेटाला काय लावलंत ते राहिलं की!

तिरफळ
आगळ, हळद, मीठ, मालवणी मसाला. रव्यात घोळवू नका, जाळीतून बर्नरवर पडतो आणि आणखी एक तडतड सुरू.

चाकरमानी
गणपतीला घर उघडलं, सिलिंडर चालू केला तर ओट्याखालून सुंऽऽ. आते ओरडली, जनावर आहे! दोघे काका काठ्या घेऊन हजर. तेवढ्यात वास आला. रबरी नळी उंदरांनी कुरतडलेली. बाबांनी सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. काका काठी घेऊन तसेच अंगणात.

खाडीकाठ
काका 😂😂

वायसर
हसू नका, बाबांनी बरोबर केलं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. सुं आवाज आणि वास दोन्ही असेल तर कारण शोधत बसायचं नाही. सिलिंडर बंद, सगळे बाहेर, मग 1906 ला फोन. नवीन नळी बसवल्यावर जोडाला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग पाहिलेत मी.

मीठमिरची
आमचा ग्रिल तापला की ठण्ण वाजतो. खाऱ्या वाऱ्याने गंजलाय, पण तो ठण्ण पत्रा ताणल्याचा, गॅसचा नाही. मी लक्ष देत नाही.

आंबोळी
तिरफळ, जाळं काढलंत कशाने?

तिरफळ
झाडूचा हीर. जेटमध्ये मात्र तार घालू नका, भोक मोठं होतं.

आंबोळी
आमच्याकडे आता प्लास्टिकचा झाडू. शेजारी मागते.