साध्या एमटीबीवर (डोंगरी सायकलवर) खर्च करावा की दुसरी सायकल घ्यावी?

टेकडीकाठी:
सहा वर्षांपूर्वी १४,००० रुपयांना घेतलेली माझी २६ इंची एमटीबी रोज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आणि रविवारी सिंहगडाच्या घाटात जाते. पुढे २४, ३४ व ४२ दातांच्या तीन चकत्या आहेत, मागे सात गिअरचे फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच) आहे आणि डिस्क ब्रेक वायरचे आहेत. गेल्या महिन्यात मागचा एक्सल (चाकाचा आस) दुसऱ्यांदा वाकला. दुकानात विचारले तेव्हा नवे मागचे चाक, आठ गिअरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा सरकवून बसवायचा संच) व शिफ्टर (गिअर बदलण्याची कळ), हायड्रॉलिक (वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे) ब्रेक आणि १२० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचे चाक धरून धक्के झेलणारा भाग) असा एकूण १७,००० रुपयांचा अंदाज मिळाला. नवी मनाजोगती सायकल ३५,००० च्या आसपास पडते. फ्रेम पोलादी असून कुठेही तडा किंवा गंज नाही, म्हणून जुन्या सायकलवरच खर्च करावा असे मला वाटते. आपली मते कारणांसह कळवावीत.

सह्यचक्र:
माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. सायकल तयार करणाऱ्याला सुटे भाग ज्या भावात मिळतात, त्या भावात ते आपल्याला कधीच मिळत नाहीत. त्यामुळे १७,००० रुपये घातल्यावरही हाती उरते ती जुन्या मापाची फ्रेम आणि विकायला गेल्यास सहा वर्षांपूर्वीच्याच सायकलची किंमत. फोर्कबद्दल तर मी आग्रहाने नकोच म्हणेन. या वर्गातल्या फ्रेम बहुधा ८० ते १०० मिलिमीटर दबणारा फोर्क गृहीत धरून जोडलेल्या असतात. त्यात लांब फोर्क बसवला की सायकलचे तोंड वर उचलले जाते, चढावर पुढचे चाक भरकटते आणि हेडट्यूबच्या (फोर्क ज्या नळीत बसतो तिच्या) जोडावर जास्त ताण येतो. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा थोडे थांबून पैसे साठवावेत आणि नवी सायकल घ्यावी.

ग्रीसगोळी:
जीएसटी सुट्या भागांवरही तितकाच उतरला आहे, त्यामुळे तो मुद्दा दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. फोर्कविषयी मात्र मी पूर्ण सहमत आहे.

मूळ दुखणे एक्सलचे आहे, त्याकडे आधी पाहू या. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे स्पोकजवळ, बरेच आत बसतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराविना राहतो. वजनदार स्वार असो, खड्डा असो किंवा घाटात उभे राहून मारलेले पेडल असो, भार नेमका त्या उघड्या भागावर येतो. एक्सल बाहेर काढून काचेवर लोळवून पाहा. वाकलेला असेल तर लोळताना टोक वरखाली होते. फ्रीहबमध्ये (कॅसेट बसते त्या प्रकारच्या हबमध्ये) तेच छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला असतात, म्हणून नुसता एक्सल बदलून हा त्रास थांबणार नाही, चाकच बदलावे लागेल.

पण म्हणून आठ गिअर आणि नवे शिफ्टर कशासाठी? आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर साडेचार मिलिमीटरची रिंग घातली की सात गिअरची कॅसेट बसते आणि तुमचे शिफ्टर तसेच चालतात. मागे १२-३२ दातांची कॅसेट घ्या, मात्र डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३२ दात घेतो का ते आधी तपासा. सध्या तुमची मागची सर्वात मोठी चकती २८ दातांची असेल, तर पुढच्या २४ दातांच्या चकतीवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७७ मीटर पुढे जाते. ३२ वर ते अंतर १.५५ मीटर होईल. गोळेवाडीच्या पुढच्या चढावर हा फरक गुडघ्यांना नक्की जाणवतो.

सह्यचक्र:
चाकाबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे, पण सिंहगड उतरताना काय? वायरच्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो आणि तो ब्रेकच्या चकतीला दुसऱ्या पॅडवर दाबतो. पॅड झिजत गेले की हाताने जुळवणी करत राहावी लागते. ती एका रविवारी राहून गेली तर वळणावर लिव्हर हँडलला टेकतो. माझ्यावर हा प्रसंग आला आहे, आणि पावसातल्या त्या वळणानंतर मी स्वस्त सायकलवर घाट उतरणे बंद केले. ज्याचा रविवार घाटात जातो, त्याने हायड्रॉलिक ब्रेक असलेलीच सायकल घ्यावी, असे मी कळकळीने सांगतो.

टेकडीकाठी:
दोघांचेही मनापासून आभार. काल एक्सल काचेवर लोळवला आणि टोक स्पष्टपणे वरखाली झाले. चेनही मोजली: २४ कड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिलिमीटर असते, माझी ३०८ भरली, म्हणजे एक टक्क्याहून अधिक ताणली आहे. नव्या कॅसेटवर ती चालवली तर दाते खाईल. म्हणून चाक, सात गिअरची कॅसेट आणि चेन इतकेच घेत आहे. दुकानदाराने तिन्हींचे मिळून ५,८०० रुपये सांगितले. फोर्क तोच राहील. ब्रेकबद्दल सह्यचक्र यांचे म्हणणे मला पटले आहे, त्यामुळे हायड्रॉलिक संच बसेपर्यंत सिंहगड बंद आणि केवळ टेकडी.

सह्यचक्र:
संच घेण्यापूर्वी तुमचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात आहेत का, ते पाहा. तसे असेल तर ब्रेकबरोबर शिफ्टरही बदलावे लागतील आणि तुमचा हिशेब पुन्हा माझ्या बाजूला झुकेल.