थर्ड पार्टी लायब्रऱ्यांचे डीबग लॉग बंदच होत नाहीयेत, मदत हवी आहे (अर्जंट)

डिस्क_फुल्ल:
आमच्या अ‍ॅपमध्ये सात मॉड्यूल आहेत, प्रत्येकाच्या लायब्रऱ्या वेगळ्या, लॉगिंगला लॉगबॅक (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी). रूट लेव्हल (सगळ्यांसाठीची) इन्फो आहे, म्हणजे त्याहून बारीक डीबग लॉग पडायलाच नकोत, अपाचीच्या एचटीटीपी क्लायंटला वॉर्न दिलंय, तरी सर्व्हरवर त्याचे डीबग लॉग धो धो पडतायत, अख्खी रिक्वेस्ट ओळ न ओळ छापतोय. माझ्या मशीनवर एकदम शांत. काल रात्री साडेतीनला डिस्क भरली आणि मला झोपेतून उठवलं. बंद कसे करायचे एवढंच सांगा.

मिरचीभजी:
अ‍ॅप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये त्या पॅकेजची लॉगिंग लेव्हल ऑफ करा. दोन मिनिटांचं काम आहे.

डिस्क_फुल्ल:
ते स्प्रिंग बूटमध्ये चालतं (जावाचं तयार फ्रेमवर्क). आमच्याकडे बूट नाहीये.

मिरचीभजी:
मग आधी सांगायचं ना. बूटवर या, हे सगळे त्रासच संपतील.

डिस्क_फुल्ल:
सात मॉड्यूल बूटवर न्यायला माझ्याकडे आजची संध्याकाळ आहे फक्त.

सेमीकोलन:
व्हर्जन सांगा आधी. जावा कुठलं, एसएलएफफोरजे (कोड आणि लॉगबॅक यांच्यामधला एपीआय) १.७ की २.०? कारण २.० पासून ते मागचा लॉगर सर्व्हिस लोडरने शोधतं, त्यामुळे एपीआय २.० चं आणि लॉगबॅक १.२ चं अशी जोडी झाली की एक वॉर्निंग येते आणि पुढे लॉगच गायब.

डिस्क_फुल्ल:
गायब झाले असते तर पेढे वाटले असते. जावा १७, एपीआय २.०, लॉगबॅक १.४. एचटीटीपी क्लायंट जुना ४ वाला, तो कॉमन्स लॉगिंग हा वेगळा एपीआय वापरतो म्हणून त्याचे लॉग लॉगबॅककडे वळवणारा ब्रिज टाकलाय.

जुनाजाणता:
लॉगबॅक काढून लॉगफोरजे टू ही दुसरी लॉगिंग लायब्ररी लावा. असिंक लॉगर आहेत, डिस्कवर लिहिताना अ‍ॅप अडत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे.

रात्रपाळी:
डिसेंबर २०२१ विसरलात वाटतं काका. लॉगमध्ये एक वाकडी स्ट्रिंग आली की बाहेरून कोड आणून चालवायचं तुमचं ते लॉगफोरजे. माझी नाताळची सुट्टी त्याचे जार (जावाच्या पॅक केलेल्या फाइल) शोधण्यात गेली. आणि असिंक केलं म्हणून डिस्क भरायची थांबते का?

जुनाजाणता:
पॅच त्याच महिन्यात आला होता. आणि जेएनडीआयवरून (जावाची बाहेरून गोष्टी शोधून आणायची सोय, ते प्रकरण त्यातूनच झालं) लॉगबॅकलाही तेव्हाच नवीन व्हर्जन काढावं लागलं, ते कोणी बोलत नाही.

शुद्धलेखक:
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण थ्रेडला आपण 'धागा' म्हणतो, मग लॉगला 'नोंद' का नको? 'डीबग नोंदी' किती सुटसुटीत आहे.

रात्रपाळी:
इंग्रजीत लॉग म्हणजे ओंडका हो. म्हणून तर डोक्यात पडतोय त्याच्या.

सेमीकोलन:
धागाकर्ते, लॉगबॅकला कॉन्फिग फाइल सापडली नाही तर तो गप्प बसत नाही, उलटा रूटला डीबग लावून सगळं कन्सोलवर ओततो. तुमचं लक्षण तसंच वाटतंय. कॉन्फिगरेशन टॅगवर डीबग ट्रू लावा, म्हणजे सुरू होताना कुठली फाइल उचलली ते सांगेल.

डिस्क_फुल्ल:
लावलं. माझ्याकडे छापतो, सर्व्हरवर एक अक्षर नाही. पण फाइल जारमध्ये आहे, मी बघितली.

घाटावरचा:
पायथॉनमध्ये गेटलॉगर करून सेटलेव्हल वॉर्निंग केलं की झालं, यूआरएललिबथ्रीला मी तेच करतो. जावावाल्यांचं सगळंच अवघड.

रात्रपाळी:
डीबगची एक ओळ इथे टाका बरं. तारीख कशी दिसते?

डिस्क_फुल्ल:
दिवस, महिना, वर्ष, मग वेळ, मग डीबग. आता लक्षात आलं, आमच्या पॅटर्नमध्ये वर्ष आधी असतं.

रात्रपाळी:
सापडलं बहुतेक. लॉगबॅकच्या डिफॉल्ट पॅटर्नमध्ये नुसती वेळ असते, तारीख नसतेच. म्हणजे ही ना तुमची फाइल, ना डिफॉल्ट. तिसरीच कोणाची तरी फाइल चालतीये. जार कसा बनवता, आणि हे कधीपासून सुरू झालं?

डिस्क_फुल्ल:
मेवन या बिल्ड टूलच्या शेड प्लगिनने, सगळं एका जारमध्ये. गुरुवारपासून. गुरुवारी रिपोर्टवाल्या टीमचं मॉड्यूल जोडलं, पण त्याचा एचटीटीपीशी काही संबंध नाही.

सेमीकोलन:
कशाला हवा संबंध? त्यांच्या जारमध्ये लॉगबॅक डॉट एक्सएमएल असणार आणि त्यात रूट डीबग. जार वेगवेगळे असते तर लॉगबॅकने 'फाइल अनेकदा सापडली' म्हणून ओरडून सांगितलं असतं. शेडमध्ये एका नावाची एकच फाइल उरते, त्यामुळे चालताना कळायला मार्गच नाही. अनझिप मायनस पी करून अ‍ॅपच्या जारमधली फाइल उघडा (कमांड देवनागरीत टंकतोय, फोनवर कळफलक बदलायचा कंटाळा). नुसती फाइल आहे का बघू नका, आत काय लिहिलंय ते वाचा.

डिस्क_फुल्ल:
त्यांचीच आहे!! वर कॉमेंटसुद्धा आहे, 'तात्पुरतं, नंतर काढणे'. आमची कॉमन मॉड्यूलमध्ये होती आणि पॉममध्ये (मेवनची मॉड्यूलची यादी) रिपोर्ट कॉमनच्या वर लिहिलंय, म्हणून त्यांची आधी उचलली. आणि हो, माझ्या मशीनवर आयडीईच्या (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) रन सेटिंगमध्ये कॉन्फिग फाइलचा पाथ मीच कधीतरी देऊन ठेवला होता, म्हणून इकडे शांत.

रात्रपाळी:
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर माझा चहा गरम राहिला असता. शेडच्या फिल्टरमध्ये त्यांच्या जारमधली ती फाइल वगळा, आणि तुमची कॉमनमधून काढून मेन मॉड्यूलमध्ये ठेवा, शेड मेनच्या फाइल आधी घेतो. खरं तर लायब्ररी मॉड्यूलने फक्त एपीआयवर अवलंबून राहावं, लॉगबॅक आणि त्याचं कॉन्फिग टेस्टपुरतं. भाडेकरूने घरमालकाचा मीटर बदलायचा नसतो.

जुनाजाणता:
फाइल जारमध्ये ठेवायचीच कशाला? बाहेर ठेवा आणि स्टार्ट स्क्रिप्टमध्ये पाथ द्या. लेव्हल बदलायला बिल्ड करावा लागत नाही.

रात्रपाळी:
हे मात्र बरोबर बोललात काका.

सेमीकोलन:
अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून. तो क्लायंट डीबगला हेडरही छापतो. ऑथरायझेशनचे टोकन (म्हणजे प्रवेशाच्या किल्ल्याच) गुरुवारपासून लॉगमध्ये पडलेत. फाइल पुसा आणि टोकन बदलून घ्या.

डिस्क_फुल्ल:
अरे देवा. बदलतो. डीबग थांबले, आभार सगळ्यांचे. पण आता जीआरपीसीच्या (दुसऱ्या सर्व्हिसशी बोलायची लायब्ररी) ओळी दिसायला लागल्या, एका मेसेजच्या दोन दोन ओळी, आणि त्या आमच्या फाइलमध्ये जातच नाहीत.

सेमीकोलन:
तो जावाचा स्वतःचा लॉगर, जेयूएल. तो जेडीकेमध्येच (जावाच्या मूळ संचात) असल्यामुळे नुसता जार बदलून भागत नाही. जेयूएल टू एसएलएफफोरजे हा ब्रिज घ्या आणि मेनच्या पहिल्या दोन ओळींत रूटचे जुने हँडलर काढून ब्रिज हँडलर इन्स्टॉल करा. लॉगबॅकमध्ये लेव्हल चेंज प्रोपगेटर पण लावा, नाहीतर बंद असलेले लॉगही ब्रिजपर्यंत चालत येतात आणि उगाच वेळ खातात.

मिरचीभजी:
बूटमध्ये हे आपोआप होतं.

डिस्क_फुल्ल:
झालं, गप्प बसला. रिपोर्टवाल्यांना फाइल काढा म्हणून मेल केला तर उत्तर आलं, 'आमच्याकडे नीट चालतंय'. फिल्टर ठेवतोय तसाच.