अनुभव धागा: तुमच्या लेखी एफपीएस म्हणजे कोणता गेम?

मांडववाला (धागाकर्ता)

गेल्या गणपतीत सोसायटीच्या पोरांनी हट्ट धरला, की संगीतखुर्ची आणि पाककला पुरे झाली, मोबाइल गेमची स्पर्धा ठेवा. कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतला मी एकटाच, त्यामुळे ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. फळ्यावर खडूने लिहिलं, 'एफपीएस स्पर्धा, प्रवेश फी ५० रु., वय १६ ते २१'. एफपीएस म्हणजे फर्स्ट पर्सन शूटर, खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा गोळीबाराचा गेम, एवढं मला ठाऊक होतं. पहिल्याच फेरीला भांडण. निम्म्या पोरांनी बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) टीपीपीत, म्हणजे थर्ड पर्सनमध्ये लावला होता, आपला माणूस पाठमोरा दिसतो तो प्रकार. बाकीचे म्हणाले, हा एफपीएस नाहीच, बाद करा. बी विंगमधला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, दुर्बीण लावली की फर्स्ट पर्सनच होतं. गोळी मी दुर्बिणीतूनच मारतो." मी त्याला नियमावर बोट ठेवून बाद केलं. नियम कोणता, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

म्हणून हा धागा. व्याख्या नकोत, त्या सगळ्यांना सापडतात. कोणता गेम तुम्ही या खात्यात धरलात, कोणता बाहेर काढलात, कोणाशी वाजलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. माझा पहिला एफपीएस 'प्रोजेक्ट आयजीआय', कॉलेजात असताना. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही, मेलात की पहिल्यापासून. सगळा खेळ डोळ्यांतून, पण गेमचा नायक जोन्स शिडी चढायला लागला की कॅमेरा मागे सरकायचा आणि हा बाबा आख्खा दिसायचा. वर पोहोचला की पुन्हा आत. शिडीपायी आयजीआय एफपीएस नाही असं म्हणणारा मात्र मला अजून भेटायचाय.

माजी कॅफेवाला, कोल्हापूर

२००३ ते २००९ राजारामपुरीत आपला कॅफे होता. आठ मशीन, तासाला पंधरा रुपये. एफपीएस हा शब्द त्या सहा वर्षांत एका पोराच्या तोंडून ऐकला नाही. वहीत मी रकाने पाडलेले : काउंटर, गाडी, कुस्ती, इंटरनेट. काउंटर म्हणजे काउंटर-स्ट्राइक १.६, दोन टीमांचा बंदुकीचा गेम. पण आयजीआय मागणारा पण "काउंटरसारखं, पण एकट्याचं लावा" म्हणायचा, मग ते पण त्यातच. व्हाइस सिटी गाडीच्या रकान्यात. त्यात बंदुका काय कमी हायत का? पण पोरं यायची गाड्या चोरायला.

एक पोरगं होतं, ते व्हाइस सिटीत स्नायपर घेऊन गच्चीवर चढलं आणि पाऊण तास दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही. पैसे देताना म्हणालं, "दादा, आज काउंटरमध्ये लिवा." मी लिवलं. तुमच्या बी विंगवाल्यासारखाच की तो.

दुसरी गोष्ट चाकूची. काउंटरमधलं डस्ट टू हे मैदान लावायचं, सगळ्यांनी बंदुका खाली टाकायच्या आणि नुसत्या चाकूवर खेळायचं. हरलेल्या टीमनं कोल्ड्रिंक पाजायचं. एक गोळी सुटत नव्हती, तरी रकाना काउंटरच.

माझी खूण वेगळी होती. शेजारी बसलेला तिरक्या नजरेनं दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघतो म्हणून मारामाऱ्या व्हायला लागल्या. मग मी टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून मशीनच्या मध्ये लावले. ज्या गेमला पुठ्ठा लागतो, तो काउंटर. गाडीला कधी पुठ्ठा लागला नाही.

घाटात पुढची सीट

माझी व्याख्या पोटाची आहे. व्हाइस सिटी मी दिवसभर खेळायचे, काही नाही. भावाने हाफ-लाइफ २ लावला आणि दहा मिनिटांत मला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना होतं तसं, डिट्टो. डोळे सांगतात आपण पळतोय, शरीर म्हणतं आपण खुर्चीत बसलोय, आणि भांडणाचा निकाल पोट लावतं. आईने लिंबू आणून दिलं हातात.

त्यातही गंमत अशी, की मी स्वतः खेळले तर कमी आणि भाऊ खेळताना मागे बसून बघितलं तर जास्त. एसटीच्या ड्रायव्हरला कधी उलटी होते का? पुढे कुणीतरी सांगितलं, की सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढव आणि चालताना डोकं हलतं ते बंद कर. केलं, फरक पडला, पाऊण तासापर्यंत मजल गेली.

तर माझ्या यादीत हाफ-लाइफ एफपीएस, पोर्टल एफपीएस (त्यात कुणाला मारायला बंदूक नाही, तरी), मिरर्स एज तर सर्वांत मोठा एफपीएस, कारण त्यात इमारतींवरून उड्या आहेत. तज्ज्ञांनी रागावू नये.

जुनाट ४८६

रागावलो नाही, पण मिरर्स एज पळापळीचा गेम आहे.

आमच्या वेळी नावच नव्हतं. वोल्फेन्स्टाइन ३डी १९९२चा, डूम डिसेंबर १९९३चा. माझ्याकडे डूम फ्लॉपींवरून आला, पहिला भाग, जो फुकट वाटायला परवानगी होती तो. त्यानंतर जे जे आलं ते 'डूमसारखं'. इंग्रजीतही बरीच वर्षं 'डूम क्लोन' हाच शब्द चालायचा. एखाद्या घराण्याला मूळ पुरुषाचं नाव लागावं, तसं.

बाबा बँकेत होते, जमाखर्चाच्या नजरेने बघायचे. एकदा मागे उभं राहून विचारलं, "यात तू कुठे आहेस?" मी म्हटलं, तो खाली हात दिसतोय ना बंदुकीसकट, तो मी. ते म्हणाले, "मग हा कोण?" आणि खालच्या पट्टीतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. डूम खेळलेल्यांना आठवत असेल : तो चेहरा डावी-उजवीकडे बघतो, मार बसला की रक्ताळतो. मी म्हटलं, तोही मीच. "म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघतोस आणि स्वतःचं तोंडही बघतोस. बरं आहे." आणि पेपर वाचायला गेले. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता उलटी बाजू ऐका. पुतण्या व्हॅलोरंट खेळतो, डोक्यात गोळी बसली तरच समाधान. त्याला मी मूळ डूम लावून दिला. पंधरा मिनिटांनी निकाल : "काका, हा एफपीएस नाही. यात नेमच नाही." आणि त्याचं खरं आहे! मूळ डूममध्ये मान वर-खाली होत नाही. राक्षस कठड्यावर असो नाहीतर खड्ड्यात, तुम्ही फक्त त्याच्या रोखाने उभे राहा, गोळी आपोआप वर चढते किंवा खाली उतरते. नेम लागतो तो डावा-उजवा एवढाच. ज्याच्यावरून आख्ख्या जातीला नाव पडलं, तोच नातवांच्या पंगतीत उपरा. मी त्याला क्वेक (१९९६) दाखवला, तो चालला त्याला.

डिसेंटबद्दल कुणीतरी लिहा. १९९५चा, खाणीत यान उडवायचं, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. मी त्याला एफपीएस धरतो, पण ठासून नाही.

मांडववाला

नेम हा मुद्दा आमच्या कमिटीत निघालाच नव्हता. आमचा सगळा वाद कॅमेऱ्यावर.

हॉस्टेल रूम चार

काका, तुमचा निकाल बरोबर आहे, कारण चुकलं. किस्सा सांगतो.

दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघे रात्री पबजी खेळायचो, म्हणजे २०१८-१९, सप्टेंबर २०२०ची बंदी यायच्या आधी. सगळे टीपीपी. मी रोज पहिल्या दहात. एका सिनियरने आव्हान दिलं, एफपीपीत, म्हणजे डोळ्यांतून दिसतं त्या प्रकारात, येऊन दाखव. गेलो. तेच मैदान, तीच बंदूक, आणि सलग सहा वेळा सुरुवातीलाच मेलो. मला वाटलं माझा फोन अडकतोय. मग सिनियरने माझा जुना खेळ बघून सांगितलं : "तू टीपीपीत भिंतीला पाठ लावून उभा राहतोस, आणि कॅमेरा तुझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो. समोरच्याला तुझा केसही दिसत नाही. तुला त्याचे बूटसुद्धा दिसतात. हे फुकटचं बघणं."

एफपीपीत पलीकडे बघायचं तर डोकं बाहेर काढावं लागतं, आणि डोकं निघालं की गोळी. बघण्याचे पैसे पडतात. तुमच्या बी विंगवाल्याने गोळी दुर्बिणीतून मारली हे मान्य, पण दुर्बीण केव्हा लावायची हे त्याला भिंतीआडून आधीच फुकटात कळलं होतं.

माजी कॅफेवाला, कोल्हापूर

म्हणजे पुठ्ठा!

हॉस्टेल रूम चार

हो दादा, पुठ्ठाच.

बदक वाचलं

मी नागपूरचा, आमच्याकडे टीव्ही गेम होता. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत फिरूनफिरून तेच बारा-पंधरा. त्यात डक हंट. प्लॅस्टिकची बंदूक हातात, बदकं पडद्यावर, बघणारे डोळे माझे स्वतःचे. यापेक्षा फर्स्ट पर्सन काय असतं बाप्पा?

मोठ्या भावाचं म्हणणं असं, की यात चालता येत नाही, म्हणून नाही. मी म्हटलं, चालतो ना, सतरंजीवर. एकेक पाऊल पुढे सरकत शेवटी मी नळी टीव्हीच्या काचेला टेकवायचो.

ती बंदूक गोळी सोडत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडतं. म्हणूनच बल्बवर रोखून मारलं तरी लागतं ही गल्लीतली अफवा आमच्या घरी कधीच खरी ठरली नाही. पाच वर्षांपूर्वी तो डबा माळ्यावरून काढून नवीन एलसीडीला जोडला. गेम दिसला, बदकं उडाली, एकही पडलं नाही. नवा टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, आणि या बंदुकीला तेवढाही धीर नाही. माझ्या मुलीने दहा मिनिटं मारून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा शूटर नाही, हा पक्षिनिरीक्षणाचा गेम आहे."

कुकरची तिसरी शिट्टी

घरात नियम होता : बंदुकीचे गेम नाहीत. मुलगा बारा वर्षांचा, वकील होणार असं दिसतंय.

आधी पोर्टल आणला. हातात बंदूक स्पष्ट दिसते. म्हणे, "आई, ही भिंतीला दारं पाडते, माणसांना नाही." बसून बघितलं. खरंच, एका भिंतीत निळं दार, दुसरीत केशरी, इकडून शिरा, तिकडून निघा. एका क्षणी दारातून पलीकडे कुणीतरी बाई पाठमोरी उभी दिसली. मी दचकले. म्हणाला, "तीच तर मी." मग माइनक्राफ्टात धनुष्यबाण. तेही पास, पुराणात चालतं म्हणून.

मग आला पॉवरवॉश सिम्युलेटर. डोळ्यांतूनच दिसतं, हातात लांब नळीचं हत्यार, चाप दाबायचा, नेम धरायचा. निघतं फक्त पाणी, जातो फक्त मळ. तोंडं बदलता येतात : शून्य अंशाचं अगदी धारेसारखं, मग पंधरा, पंचवीस, चाळीस. एकेक वस्तू पूर्ण साफ झाली की टिंग वाजतं. मी "बघू इकडे" म्हणून घेतला तो रात्री साडेबारापर्यंत. खरी गॅलरी गेले तीन महिने तशीच आहे, आणि मी खोट्या बागेतली घसरगुंडी खालच्या बाजूने धुतेय. नेम माझा मुलापेक्षा चांगला आहे. नवऱ्याने विचारलं, हे काय चाललंय, मी म्हटलं, शूटिंग.

नियम बदललाय. आता फक्त 'माणूस पडतो का' एवढंच विचारते.

सीरियलचा डबा, न्यू जर्सी

वरच्या ताईंना माझी आई भेटायला हवी होती. १९९६-९७, आम्ही नुकतेच इथे आलेलो. डूम घरात बंद. पण चेक्स नावाच्या सीरियलच्या डब्यात फुकट सीडी निघाली, चेक्स क्वेस्ट. आईने स्वतःच दुकानातून आणलेला डबा, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तो गेम म्हणजे आतून आख्खा डूमच, त्याच इंजिनावर बांधलेला. फक्त राक्षसांऐवजी हिरवे शेंबडे प्राणी आणि बंदुकीऐवजी 'झॉर्चर', जो त्यांना मारत नाही, त्यांच्या जगात परत पाठवतो. आई म्हणायची, "घरी पाठवतोयस ना? मग पाठव." वर्गातल्या मुलांनी मला सांगितलं, हा शूटर नाही, हा नाश्ता आहे. मी खूप वर्षं खरा डूम खेळलो नाही. खेळलो तेव्हा सगळं जुनंच वाटलं, फक्त रक्त नवीन.

अंधारातला उंदीर

पोर्टल, पॉवरवॉश सगळं मान्य, आता माझं प्रकरण सोडवा. थीफ, १९९८. डोळ्यांतून दिसतो, हातात धनुष्य, बाण सुटतो, नेम धरावा लागतो. कागदावर सगळ्या अटी पूर्ण. पण सर्वांत अवघड पातळीवर माणूस मारलात की मिशन फेल. पाण्याचे बाण असतात, ते मशाली विझवायला. पडद्याच्या खालच्या कडेला एक रत्न आहे, तुम्ही उजेडात असलात की ते उजळतं, अंधारात काळं पडतं. मी समोर बघायचोच नाही, सगळं लक्ष त्या रत्नावर. म्हणजे मी काय बघतोय यापेक्षा मी कुणाला दिसतोय, हाच सगळा खेळ.

आमच्या ग्रुपने मतदान घेतलं, चार विरुद्ध एक, थीफ बाहेर. तो एक मी. रूम चारवाल्यांनी 'बघण्याचे पैसे' म्हटलंय त्या हिशेबात मात्र थीफ आत येतो, आणि सगळ्यात महाग तोच आहे.

जुनाट ४८६

येतो. पण मग कॅमेरा मागे ठेवूनही जिथे बघणं महाग आहे, असे गेमही आत येतील, आणि मला ते चालणार नाही. डोळे पाहिजेतच.

घाटात पुढची सीट

थीफने मला मळमळलं नाही. हळू चालतो. नोंद असावी.

मांडववाला

यंदाच्या फळ्याचा मसुदा रात्री पुतणीला दाखवला : 'भिंतीआडून फुकट न दिसणारे गेम'. ती म्हणाली, असं लिहिलंस तर लोक लपाछपी समजतील. सरळ 'बीजीएमआय, फक्त एफपीपी' लिही, एफपीएस शब्दच काढ. काढला.

कुकरची तिसरी शिट्टी

ते सगळं ठीक. त्या बी विंगच्या मुलाचे पन्नास रुपये परत केलेत का?

मांडववाला

नाही केले. आज संध्याकाळी जातो.