सान सिरोवर चॅम्पियन्स लीगचा सामना बघायचाय: तारखा, तिकीट, जागा, परतीची मेट्रो

कोथरूडचा_गोली
पुढच्या जानेवारीत मी आणि माझी मुलगी मिलानला जायचा विचार करतोय. मिलानच्या इंटर क्लबचा चॅम्पियन्स लीगमधला (युरोपातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा) एक घरचा सामना सान सिरो स्टेडियमवर बघायचा, हे मुख्य. बाकी फिरणं त्याच्या आगेमागे. अडचण अशी की सामन्यांचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी याची सोडत, ऑगस्टअखेर निघतो, मग व्हिसा आणि विमानाचं आधी ठरवायचं कसं? रिसेलच्या साइटवर तिकिटं दिसतात, ती घ्यावीत का? बसायला कुठली बाजू चांगली? आणि सामना रात्री अकराच्या सुमारास सुटल्यावर शहरात परत यायचं कसं?

ऑफसाइड
ड्रॉची वाट बघत बसू नका. कुठली फेरी कुठल्या आठवड्यात, हे युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) वेळापत्रकात बरंच आधी येतं. ड्रॉनंतर कळतं ते समोर कोण आणि सामना घरी की बाहेर.

२०२४-२५ पासून ३६ संघांची एकच साखळी आहे, प्रत्येकाला ८ सामने, ४ घरी आणि ४ बाहेर. यात तुमच्या कामाचा एक नियम आहे: शेवटच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक संघाचा एक सामना घरी आणि एक बाहेर असतो. या सातव्या आणि आठव्या फेऱ्या जानेवारीतच होतात, मध्ये साधारण आठवडा. २०२४-२५ मध्ये इंटरची सातवी फेरी प्रागला होती आणि आठवी मोनॅकोविरुद्ध घरी, २९ जानेवारीला. २०२५-२६ मध्ये उलटं: २० जानेवारीला आर्सेनल सान सिरोवर आणि २८ ला इंटर डॉर्टमुंडला. म्हणजे दोन्ही फेऱ्या मावतील असा दहाएक दिवसांचा मुक्काम ठेवलात, तर एक घरचा सामना पदरात पडणारच. अट एवढीच की इंटर आदल्या हंगामात पात्र ठरलेली हवी, आणि ते मे महिन्यात कळतं.

आठव्या फेरीचे सगळे १८ सामने बुधवारी रात्री ९ ला एकदम सुरू होतात. सातव्या फेरीत काही सामने पावणेसातलाही असतात. सेरी आ, म्हणजे इटलीची देशांतर्गत लीग, तिच्या सामन्यावर मात्र सहल बेतू नका, तिथे शुक्रवार ते सोमवार यांतला नेमका दिवस टीव्हीच्या सोयीने उशिरा ठरतो.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मर्यादा १५ दिवस. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत लांबू शकतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकून घ्या. शुल्क ९० युरो, विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं. पर्यटक म्हणून अर्ज करा, सामन्याचं तिकीट जोडावं लागत नाही. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. स्वित्झर्लंड जोडणार असाल तर रात्री मोजून बघा.

तिसरी_रांग
तिकिटाचं नीट वाचा, कारण भारतातून जाणारे लोक इथेच अडकतात.

इटलीत मोठ्या स्टेडियमचं तिकीट नावावर असतं. घेताना नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान भरावं लागतं. तुम्ही दोघं, म्हणजे दोन तिकिटं दोन वेगळ्या नावांवर. बाहेरच्या कुंपणापाशी पहिली तपासणी होते. तिथला माणूस तिकिटावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतो, आणि त्यानंतर फिरत्या दांड्याच्या फाटकावर कोड स्कॅन होतो. नाव जुळलं नाही तर कोड खरा असूनही पहिल्याच ठिकाणी परत पाठवू शकतात. पासपोर्ट मूळच न्या, फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. परक्या साइटवर विकणारा बहुतेकदा स्वतःच्या किंवा भलत्याच कुणाच्या नावावरचं तिकीट पीडीएफ करून धाडतो. नाव बदलता येतं, पण ते क्लबच्या अधिकृत यंत्रणेतून, क्लबने मुभा दिली असेल तेव्हा आणि दिलेल्या मुदतीत. "नाव कोणी बघत नाही" असं विक्रेता सांगेल, ते ऐकू नका. क्लबची स्वतःची विक्री किंवा क्लबचंच रिसेल, एवढ्या दोनच वाटा धरा.

विक्री टप्प्याटप्प्याने उघडते: आधी हंगामी पासवाले, मग सदस्य, उरली तर सर्वांना. बड्या संघाविरुद्ध शेवटच्या टप्प्याला फार काही उरत नाही, तेव्हा सदस्यत्वाचे पर्याय आधीच बघून ठेवा. खातं उघडून दोघांची माहिती भरून ठेवा, रांगेत नंबर लागल्यावर जन्मस्थानाचा रकाना शोधत बसायला वेळ मिळत नाही.

कोथरूडचा_गोली
धन्यवाद, नावाचं अजिबात डोक्यात नव्हतं. एक शंका: दोघांच्याही पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळ्या ओळीत. फॉर्ममध्ये काय लिहायचं?

तिसरी_रांग
पासपोर्टवर जसं आहे तसंच. पहिल्या रकान्यात दोन्ही नावं, दुसऱ्यात आडनाव. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर करू नका, घरचं लाडकं नाव तर नकोच. क्रेडिट कार्डावर नाव वेगळ्या क्रमाने असेल तर काही बिघडत नाही, फाटकावर कार्ड कोणी बघत नाही.

सेंटर_हाफ
जागेबद्दल. बाजू रंगांनी ओळखतात: लाल आणि केशरी या मैदानाच्या लांब बाजू, हिरवी आणि निळी गोलच्या मागे. वर तीन मजले, त्यांना अनेल्लो म्हणतात. तिसरा मजला १९९० च्या विश्वचषकासाठी चढवला, आणि केशरी बाजूला तो नाहीच.

पहिल्यांदा जाताय तर केशरी किंवा लाल बाजूचा दुसरा मजला घ्या. पहिल्या मजल्याच्या पुढच्या रांगा जवळजवळ मैदानाच्या पातळीवर आहेत, समोरच्या बाजूला कोण कुठे धावतंय ते कळत नाही. त्याच मजल्याच्या अगदी मागे गेलात तर डोक्यावर दुसरा मजला येतो आणि गोलकीपरने उंच मारलेला चेंडू मधेच दिसेनासा होतो. तिसऱ्या मजल्यावरून खेळाची मांडणी नकाशासारखी दिसते. बचावफळी किती वर सरकलीय, मध्ये कुठे फट पडलीय, सगळं. पण चढण दमवणारी आणि रांगा फार उभ्या आहेत, उंचीची भीती असेल तर टाळा.

हिरव्या बाजूचा दुसरा मजला म्हणजे इंटरची कुर्वा नॉर्द, कट्टर चाहत्यांची जागा. तिथे लोक पूर्ण वेळ उभे असतात, आसनक्रमांक कोणी पाळत नाही, झेंड्यांमुळे अर्धं मैदान दिसत नाही. मुलीला गाणी गायची असतील तर जरूर जा, खेळ बघायचा असेल तर नको. पाहुण्या संघाचा शर्ट घालून घरच्या भागात बसू नका, पाहुण्यांसाठी वेगळा कोंडलेला भाग असतो.

पावणेनऊच्या आत जागेवर बसा. संघ रांगेत उभे असताना मधल्या वर्तुळातलं ते गोल कापड फडफडू लागतं आणि सत्तर हजार लोक एकदम उठतात. एवढ्यासाठी तरी उशीर करू नये.

लोट्टो_वाला
जाताना: दुओमोपासून लाल एम-१ ने लोट्टो, तिथून जांभळ्या एम-५ ने सान सिरो स्तादियो. एम-१ ला पगानोनंतर दोन फाटे फुटतात. पाटीवर 'रो फिएरा' असलेली गाडी धरा, 'बिशेल्ये'ची लोट्टोला जात नाही. चेन्त्राले स्थानकाजवळ उतरला असाल तर हिरव्या एम-२ ने गारिबाल्दी आणि तिथून थेट एम-५. मेट्रोच्या फाटकावर कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

येताना सान सिरो स्तादियोवर जाऊच नका. एम-५ च्या गाड्या अवघ्या चार डब्यांच्या, त्यामुळे गर्दी बाहेरच थोपवून टप्प्याटप्प्याने आत सोडतात. लोकांच्या लोंढ्याबरोबर लोट्टोपर्यंत चालत या, वीसेक मिनिटं लागतात, आणि एम-१ पकडा. मेट्रो साधारण साडेबारापर्यंत असते. हॉटेल एम-१ वरच घेतलंत तर गाडी बदलायचीही गरज नाही.

ट्रॉली बॅग स्टेडियमच्या आत घेत नाहीत, ती हॉटेलवर ठेवा. पाण्याच्या बाटलीचं झाकण फाटकावर काढून घेतात. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि दोन तास बसून राहायचं असतं, तेव्हा थर्मल, लोकरीचे मोजे आणि जाड तळाचे बूट घाला. गारठा सगळ्यात आधी पायांतून चढतो.