मंगळसूत्र हिसकावलं, पोलीस ठाण्यात म्हणतात ‘गहाळ’ लिहा

भाजी घेऊन येताना बाइकवरच्या दोघांनी आईचं मंगळसूत्र ओढलं. मानेवर लाल वळ आहे. ठाणे अंमलदार म्हणतात, “काकू, गहाळ झालं लिहून द्या, लगेच दाखला देतो.” आई तिथेच रडायला लागली. एका महिला शिपायांनी मात्र तिला बसवलं, पाणी दिलं, वळ पाहून डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेल्या. एकाच ठाण्यात ही दोन्ही माणसं! गुन्हा कसा नोंदवायचा?

उत्तर: गहाळवर सही अजिबात करू नका. वस्तू हरवली असंच नोंदलं गेलं, तर चोर शोधायला सीसीटीव्ही कोण तपासणार? हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय थेट तपास करू शकतात. सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालाने (२०१३) अशा वेळी एफआयआर बंधनकारक केलाय.

उत्तर: हद्दीचं कारण दिलं तर झीरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) मागा. तरीही नाही म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४): लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना. पोच जपून ठेवा. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

प्रश्नकर्ता: वरिष्ठ निरीक्षकांना भेटलो, कलम दाखवलं. गुन्हा नोंदला. त्या शिपाई ताईंबद्दल चांगला अभिप्राय वरिष्ठांना लेखी द्यायचाय. कुणी दिलाय का असा?