विषय: दादा-वहिनींना ल्विव्ह दाखवायचंय, परतीच्या व्हिसाचं काय?

शिल्पा:
पुढच्या आठवड्यात दादा-वहिनी येताहेत. वहिनींनी ल्विव्हचा ध्यासच घेतलाय. इथून, पोलंडातल्या क्राकूवहून सीमेजवळचं प्शेमिशल, पुढे युक्रेनी गाडी. युक्रेनचा व्हिसा झालाय, पण शेंगेन, म्हणजे पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, एकाच प्रवेशाचा आहे. परत येता येईल ना? आजच सांगा, तिकिटं काढायचीत.

अण्णा:
काढू नकोस! सीमा ओलांडली की तो व्हिसा संपला. तुझ्याकडे इथलं निवासपत्र आहे, त्यांच्याकडे नाही. तिथूनच भारताचं विमान धरावं म्हटलं तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद. आणि असे प्रश्न आधी सहल समितीकडे यावेत, हे गणपतीतच ठरलं होतं.

मीनल:
समितीचं नंतर बघू, अण्णा. मी युक्रेनमध्येच तेर्नोपिलला एमबीबीएस केलंय, ल्विव्हला सारख्या जायचो. लोक बाजारचौकात फोटो काढून परततात. चौदाव्या शतकातलं आर्मेनियन कथीड्रल बघायलाच हवं. अंगणात जुन्या थडग्यांच्या शिळांचीच फरसबंदी आहे, अक्षरं झिजलेली. वेळ असेल तर कार्पेथियन डोंगर, त्यातलं होवेर्ला शिखर २०६१ मीटर, कळसूबाईहून चारशे मीटर उंच. पण सध्या रात्री संचारबंदी, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघर. परतीचा व्हिसा असता तरी मी आत्ता नको म्हटलं असतं. शांतता होऊ दे, वहिनींना मी स्वतः नेईन.

सुधीर:
मीनल, नुसत्या उंचीवर जाऊ नये. कळसूबाईला अवघड जागी शिड्या आहेत. होवेर्लावर ढग उतरले की वाटच दिसत नाही.

वृषाली:
वहिनी शाकाहारी ना? बोर्श्चला, म्हणजे तिथल्या बिटाच्या सूपला, सहसा मांसाचंच पाणी असतं. उपासाचं वेगळं करतात, बीट आणि वाळवलेली अळंबी घालून. नाताळच्या आदल्या रात्री कुत्या असते: अख्खे गहू, खसखस, मध. चव थेट आपल्या गव्हाच्या खिरीच्या वळणाची. आमच्या शेजारीणबाई युक्रेनमधल्या कोसिव्हच्या आहेत, शनिवारी करून घालते म्हणाल्यात.

अण्णा:
शिल्पा, प्शेमिशलपर्यंत जाच. तिथून जवळ खोतिनिएत्सला लाकडी चर्च आहे, आतल्या भिंतीवर अठराव्या शतकातलं अंतिम न्यायाचं चित्र. युनेस्कोने २०१३ साली अशी १६ चर्चेस एकत्र नोंदवली, आठ पोलंडातली, आठ युक्रेनमधली. व्हिसाचा प्रश्नच नाही. समितीची गाडी रविवारी मोकळी आहे.

शिल्पा:
रविवारची गाडी आम्हाला द्या, अण्णा. चौघं आहोत. वृषाली, शनिवारी येतो; मासेसुद्धा नकोत एवढं त्यांना सांगून ठेव.