डाव्या बाजूची पुनर्रचना झाली की प्रोटॉनच मागावा का?

वडाळेकर
कर्करोगामुळे डावा स्तन काढून पुनर्रचना केलीय, आणि छातीच्या हाडामागच्या लसीका ग्रंथींनाही शेक (रेडिएशन) द्यायचाय. अशा वेळी पहिला पर्याय प्रोटॉनच असावा, असं माझं ठाम मत आहे. नेहमीच्या शेकातले फोटॉन (क्ष-किरण) छातीतून आरपार जातात, प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो. 2013 च्या, संशोधिका सारा डार्बींच्या अभ्यासात हृदयाला मिळणाऱ्या सरासरी डोसच्या दर ग्रेमागे (ग्रे हे डोसचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटना 7.4 टक्क्यांनी वाढल्या. अमुक डोसपर्यंत धोका नाही, अशी रेषा सापडलीच नाही. आता खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात 2023 पासून प्रोटॉनची सोय आहे, चेन्नई गाठायला नको.

परळकर
ताई, 7.4 हा सापेक्ष आकडा आहे, म्हणजे मूळच्या धोक्यात होणारी वाढ. त्याच अभ्यासातलं पुढचं गणितही सांगा: पन्नाशीची, हृदयाचा दुसरा कुठलाही धोका नसलेली बाई, हृदयाला 3 ग्रे. ऐंशीच्या आत हृदयविकाराने मृत्यूची शक्यता 1.9 वरून 2.4 टक्के होते. खोल श्वास धरून शेक दिला की फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून खाली-मागे सरकतं आणि बहुतेकींचा डोस तिथेच उतरतो. त्याला वेगळं मशीन लागत नाही, फक्त 20 सेकंद श्वास धरण्याचा सराव लागतो.

शिवाय पुनर्रचनेतच प्रोटॉन अडतो. एक्सपांडर म्हणजे कायमच्या इम्प्लांटआधी कातडी ताणायला बसवलेली तात्पुरती पिशवी; तिच्या पोर्टमध्ये, म्हणजे सलाइन भरायच्या तोंडाशी, धातू आणि चुंबक असतो. सीटीवर त्याच्याभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात, घनता चुकीची वाचली जाते. पोर्टमागे प्रोटॉन पोचतच नाही, डोसची सावली पडते.

वडाळेकर
पोर्टचं मान्य. पण उपाय आहेत: पट्ट्यांच्या जागी घनता हाताने भरायची, पोर्ट टाळणारे कोन निवडायचे. खरा घोळ सिलिकॉनच्या इम्प्लांटचा होतो. सीटीच्या आकड्यांवरून ते पाण्याहून जड भासतं, प्रत्यक्षात प्रोटॉनला पाण्यापेक्षा 5 टक्क्यांच्या आसपास कमीच अडवतं. दुरुस्ती राहिली तर किरण काही मिलिमीटर पुढे, थेट फुप्फुसात. म्हणून इम्प्लांट कोणतं, हे शस्त्रक्रियेच्या कागदांतून पाहूनच प्लॅन करायचा. आणि प्लॅनिंगच्या सीटीनंतर एक्सपांडरमध्ये सलाइन भरायचं किंवा काढायचं नाही. आकार बदलला की खोली बदलते, म्हणून मधूनमधून पुन्हा सीटी हवा.

दहिसरकर
दोघांच्याही बोलण्यात त्वचा राहिली. फोटॉनचा डोस कातडीच्या थोडा आत चढत जातो, प्रोटॉनचा कातडीपाशीच भरपूर असतो. स्तन काढल्यावर वरची कातडी आधीच पातळ, रक्तपुरवठा तुटपुंजा. तिथे सालं निघाली, टाक्यांची रेषा उसवली, तर इम्प्लांट उघडा पडून काढावा लागू शकतो. बरगड्यांचंही तेच. प्लॅनमध्ये प्रोटॉनचा परिणाम सगळीकडे फोटॉनच्या 1.1 पट धरतात, पण थांबण्याच्या टोकाशी तो त्याहून जास्त असतो, आणि ते टोक बरोबर बरगडीत येतं.

परळकर
वेळेचंही बघा. 25 वेळा शेक म्हणजे 5 आठवडे, विरारहून खारघर रोज. फोटॉनमध्ये पुनर्रचना झालेल्यांसाठी 16 वेळांत 42.56 ग्रे, हा मार्ग आरटी चार्म चाचणीत तपासला गेला आहे. शिवाय खारघरच्या तीन गॅन्ट्रींवर (रुग्णाभोवती फिरणाऱ्या किरणयंत्रांवर) लहान मुलं आणि कवटीच्या तळाच्या गाठींचे रुग्णही आहेत. त्यांना दुसरा तितका चांगला पर्याय नाही.

वडाळेकर
मुलं आधी, यात वादच नाही. पण श्वास धरूनही हृदयाचा डोस 5 ग्रेच्या वर राहतो, अशी बाई तुम्ही कुठे पाठवाल?

परळकर
खारघरलाच. फक्त दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून, आणि शक्यतो एक्सपांडर काढून कायमचा इम्प्लांट बसल्यावर. पण त्यासाठी शेक लांबवायचा नाही.